ईपीएस (प्रति समभाग कमाई) 7.60 येतोय, पुस्तकात उत्तर 9.60. कुठे चुकतंय?

जमाखर्च_बार्शी
नमस्कार. बार्शीत भुसार अडतीच्या दुकानात सात वर्षं टॅली सांभाळते. बारावीनंतर शिक्षण सुटलं होतं, यंदा बाहेरून टी.वाय.ला बसतेय. कालची अख्खी रात्र या एका गणितात गेली.

व्याज आणि कर वजा करण्याआधीचा नफा 12 लाख. 100 रुपयांचे 10% कर्जरोखे 40,000, काढले 95 ला. 8% अग्रहक्क भाग 10 लाखांचे. समभाग 50,000. कर 30%.

मी कर आधी काढला, उरले 8.40 लाख. कंपनीला हातात 38 लाखच मिळाले म्हणून व्याज 3.80 लाख धरलं. अग्रहक्क लाभांश 80,000. राहिले 3.80 लाख, भागिले 50,000. रोजची खाती चुकत नाहीत माझी, म्हणून जास्त लागतंय.

आर्टिकलशिप_दुसरं_वर्ष
ताई, व्याज दर्शनी किमतीवर असतं. रोखा 95 ला विकला तरी 100 वर 10 रुपये द्यायचेच. म्हणजे 4 लाख.

जमाखर्च_बार्शी
तसं केलं तर 7.20 आलं! आणखी लांब गेले.

निवृत्त_प्राध्यापक
ती दुरुस्ती बरोबरच आहे, खोडू नका. मोठी चूक क्रमात आहे. तुमच्या दुकानाच्या बँकेच्या सीसीचं (कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज तुम्ही कुठे टाकता? नफातोटा पत्रकात, खर्च म्हणून. आणि मालक घरखर्चाला पैसे नेतात ते? उचल, थेट भांडवलातून वजा. कर्जरोख्यांचं व्याज सीसीच्या व्याजासारखं; ते गेल्यावर जो नफा उरेल त्यावरच कर. लाभांश उचलीच्या जातीचा, अग्रहक्क असला तरी. तो कर भरल्यावरच निघतो. आता स्वतः मांडून पाहा, मी आकडे देत नाही.

जमाखर्च_बार्शी
12 मधून 4 गेले, 8 लाख. कर 2.40, उरले 5.60. लाभांश 80,000 गेला, 4.80 लाख. भागिले 50,000, 9.60! सर, उचलीचं उदाहरण दिलंत आणि डोळ्यांपुढे खतावणीच उघडली.

7.20 आणि 9.60 मधला फरक 2.40. गुणिले 50,000, म्हणजे 1.20 लाख. 4 लाखांचे बरोबर 30%! व्याजामुळे वाचलेला कर तो हाच ना?

निवृत्त_प्राध्यापक
हाच. हे न विचारता शोधलंत, फार आनंद झाला.

जमाखर्च_बार्शी
पण रोखे 95 ला काढल्याने दिलेली 2 लाखांची सवलत? ती नुसती सोडून द्यायला मन तयार होत नाही.

आर्टिकलशिप_दुसरं_वर्ष
सोडायची नाहीच, तो कर्ज उभारण्याचा खर्च आहे. रोख्यांची मुदत 5 वर्षं असती तर सोप्या पद्धतीने वर्षाला 40,000 खर्ची टाकता आले असते. कंपनी कायदा 2013 च्या कलम 52 प्रमाणे सिक्युरिटीज प्रीमियममधूनही (दर्शनी किमतीपेक्षा जास्त घेतलेल्या रकमेतून) भागवता येते. तुमच्या गणितात मुदत नाही, प्रीमियमही नाही, म्हणून पुस्तकाने ती धरली नाही. पेपरात उत्तराखाली तेवढी एक ओळ टीप लिहा.