मॅग्नेट ड्रिल आणि ५० मिलीमीटरचं भोक
मॅग्नेट ड्रिलने (चुंबकाने लोखंडाला चिकटून उभं राहणारं ड्रिल मशीन) ५० मिलीचं भोक पाडायला होलसॉ (डब्यासारखी गोल करवत) पुरतो, असं काहीजण म्हणतात. पातळ पत्र्याला पुरेल, पण १६ मिलीच्या प्लेटला ॲन्युलर कटरच (पोकळ, कडेला दात असलेला कटर) लावा. तो फक्त कडेची रिंग कापतो, मधला तुकडा अख्खा सुटतो, मोटरवर ताण कमी येतो.

पण दोन प्लेटा एकावर एक ठेवून भोक मारू नका. वरचा तुकडा सुटला की कटरच्या पोटात अडकतो, खालच्या प्लेटवर घासत फिरतो आणि दात उडतात. आमच्याकडे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत साखर कारखान्याच्या फ्लँजा (पाइप जोडायच्या भोकं असलेल्या चकत्या) येतात, त्या आम्ही एकेकच मारतो, कितीही घाई असो. एचएसएस (हाय स्पीड स्टीलचा) कटर या मापाला १५०-१८० आरपीएमवरच (मिनिटाला फेरे) ठेवा. चिप्स (कापताना निघणारा कीस) निळ्या पडल्या तर स्पीड उतरवा, पायलट पिनमधून (कटरच्या मधली पिन) कूलंट, म्हणजे कटर थंड ठेवणारा द्रव, पोचतंय का तेही बघा.