नवीन कोड फक्त मलाच चालावा, गिऱ्हाइकाला नको (वर्डप्रेस)

पेणची_लेक

आमचा पेणला गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. वेबसाइट मी एकटी सांभाळते, वर्डप्रेस आणि वूकॉमर्स (वर्डप्रेसवर दुकान चालवायचं प्लगइन). परदेशी पाठवणीचा खर्च आम्ही मूर्तीच्या वजनावर काढत होतो. दीड फुटी शाडूची मूर्ती ९ किलो भरते, पण खोका होतो ४५ × ४० × ६० सेंटिमीटरचा. कुरिअरवाले विमानाने जाणाऱ्या खोक्याची लांबी, रुंदी, उंची गुणून ५००० ने भागतात, म्हणजे २१.६ किलो. पैसे त्याचे लागतात आणि फरक आम्ही भरतो. म्हणून नवीन हिशेबाचं फंक्शन लिहिलं.

सीझन चालू आहे, साइट बंद ठेवता येत नाही. नवा हिशेब ‘इफ इज_अ‍ॅडमिन()’ मध्ये टाकला, म्हणजे अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन केलेल्या मलाच चालेल असं धरलं. चाचणीपुरता दर ठेवला किलोला १ रुपया.

मी लॉगिन करून कार्ट उघडलं, तर जुनाच खर्च. आणि परवा रात्री न्यू जर्सीहून एका ताईंनी स्क्रीनशॉट पाठवला: पाठवणी २२ रुपये! मूर्तीच्या पानावर ‘खर्च विचारा’ बटण आहे, ते दाबल्यावर आलेला आकडा. फोन करून माफी मागितली, त्यांनी समजून घेतलं. पण मला दिसत नाही आणि गिऱ्हाइकाला दिसतं, हे कसं? आयपी अ‍ॅड्रेस (इंटरनेट जोडणीचा नंबर) तपासून करू का?

जुना_सर्व्हरवाला

ताई, फंक्शनच्या नावाने तुम्हाला फसवलं. इज_अ‍ॅडमिन() माणूस तपासत नाही. आत्ताची विनंती डॅशबोर्डच्या (साइट आतून सांभाळायच्या पानांच्या) भागातली आहे का, एवढंच ते सांगतं. कार्ट डॅशबोर्डमध्ये नाही, म्हणून तुम्ही लॉगिन असूनही उत्तर ‘नाही’. तुमचं बटण बहुतेक अ‍ॅडमिन-एजॅक्स या फाइलकडे (पान पुन्हा न उघडता उत्तर आणते ती) विनंती पाठवत असणार. ती फाइल डॅशबोर्डच्या फोल्डरात असते, त्यामुळे तिथे उत्तर नेहमी ‘हो’, मग बटण दाबणारा लॉगिन नसला तरी.

माणूस तपासायचा असेल तर करंट_यूजर_कॅन() वापरा आणि त्यात ‘मॅनेज_ऑप्शन्स’ हे हक्काचं नाव द्या. अट खरी असेल तरच नवा हिशेब, बाकी सगळ्यांना जुना. उलटी अट लिहू नका. काही चुकलं तर गिऱ्हाइकाला जुनंच दिसलं पाहिजे.

रात्रपाळी_कोडर

आयपीच्या वाटेला जाऊ नका. मोबाइल इंटरनेटवर एकाच आयपीमागे असंख्य लोक असतात आणि तुमचा आयपी उद्या तोच राहील याची खात्री नाही. साइट क्लाउडफ्लेअरमागे (गिऱ्हाईक आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसणारी सेवा) असेल तर सर्व्हरला बहुधा त्यांचाच आयपी दिसतो. पानाच्या वेबपत्त्याच्या शेवटी ‘टेस्ट=१’ लावणंही नको, ती लिंक एकदा कुणाला फॉरवर्ड झाली की संपलं. आणि सीएसएसने लपवलेलं कुणीही पेज सोर्समध्ये वाचू शकतं. निर्णय सर्व्हरवरच व्हायला हवा.

पेणची_लेक

बटण अ‍ॅडमिन-एजॅक्सवरच जातं, आत्ता पाहिलं. दोन दिवस मी कार्टमध्येच शोधत बसले होते!

एक अडचण. कारखान्यातले दोघे ऑर्डरी बघतात, त्यांना शॉप मॅनेजरचे हक्क दिलेत. ते स्क्रीनवर बघून फोनवर भाव सांगतात. त्यांना नवा आकडा दिसता कामा नये.

जुना_सर्व्हरवाला

नाही दिसणार. ‘मॅनेज_वूकॉमर्स’ हा हक्क शॉप मॅनेजरला असतो, ‘मॅनेज_ऑप्शन्स’ मुळात फक्त अ‍ॅडमिनला. दुसराच लिहा.

स्टेजिंगवाली

वरचं सगळं बरोबर आहे, पण त्याने अर्धीच चाचणी होते. तुम्ही लॉगिन असता, गिऱ्हाईक बहुतेक वेळा नसतं. लॉगिन नसलेल्याची एजॅक्स विनंती वेगळ्या हुकवर (वर्डप्रेसमध्ये आपला कोड जोडायची जागा) जाते (नावात ‘नोप्रिव्ह’ असतं तो), त्याला कॅशमधलं (आधीच साठवलेलं) पान मिळतं. ते सगळं तुमच्या डोळ्यांआड राहतं.

साइटची एक प्रत सबडोमेनवर करा, तिला पासवर्ड लावा. तिथल्या डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये एन्व्हायर्नमेंट टाइप ‘स्टेजिंग’ लिहा. वर्डप्रेस ५.५ पासून डब्ल्यूपी_गेट_एन्व्हायर्नमेंट_टाइप() ते वाचून दाखवतं, ‘स्टेजिंग’ आलं तरच नवा हिशेब चालवा. काहीच लिहिलं नसेल तर ‘प्रॉडक्शन’ (खरी साइट) धरतं, म्हणून खऱ्या साइटला धोका नाही. प्रत केल्या केल्या आधी ईमेल बंद करा आणि पेमेंट गेटवेच्या टेस्ट कीज टाका. डेटाबेसात खऱ्या गिऱ्हाइकांचे पत्ते आहेत, चाचणीची ऑर्डर त्यांच्या इनबॉक्सात जायला नको.

आणि पाठवणीचा दर वूकॉमर्स सेशनमध्ये (प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तात्पुरत्या नोंदीत) जपून ठेवतं. कोड बदलूनही कार्टमध्ये जुनाच आकडा दिसला तर घाबरू नका. शिपिंगच्या सेटिंगमधला डीबग मोड प्रतीवर चालू करा, किंवा पिन कोड बदलून पाहा.

पेणची_लेक

प्रत झाली. खऱ्या साइटवरून चाचणीचा कोड पूर्ण काढला, प्रतीवर खासगी विंडोत लॉगिन न करता बटण दाबलं. २१.६ चे पुढच्या अर्ध्या किलोवर २२ किलो धरले आणि खऱ्या दराने आकडा आला. बाबांनी कुरिअरच्या गेल्या वर्षीच्या तीन पावत्या काढून दिल्या, तिन्ही रुपयाला रुपया जुळल्या. रविवारी रात्री खऱ्या साइटवर टाकते.