फिजाक ते एग्वियों: सेले आणि लॉट नदीकाठाने सायकलवर, चार दिवस पुरतील का? (सायकल-मंचावरची चर्चा; प्रत्येक उत्तराआधी सदस्याचे टोपणनाव)

नदीकाठ
नैऋत्य फ्रान्समध्ये फिजाकपासून सुरुवात करून सेले नदीच्या खोऱ्यातून लॉट नदीपर्यंत, तिथून काओर, आणि पुढे लॉटच्या काठाने एग्वियोंपर्यंत असा मार्ग आखला आहे. एकूण साधारण २३५ किमी. जूनचा पहिला पंधरवडा, रोज सरासरी ६० किमी, मुक्काम कॅम्पिंगमध्ये. तंबूसह सामान १८ किलो, चालवणाऱ्याचे वजन ७० आणि सायकल १४ किलो. सायकल ७००सी चाकांची, मागे ३२ आऱ्यांचे चाक, सर्वांत हलका गिअर पुढे ३४ आणि मागे २८ दात.

प्रश्न तीन. नदी उताराला वाहते, तर चार दिवस पुरतात का? या गिअरवर भागेल का? आणि पॅरिसहून फिजाकला सायकल रेल्वेने कशी न्यावी?

चुनखडी
आधी उताराचा हिशेब करू. फिजाक समुद्रसपाटीपासून साधारण २०० मीटरवर, एग्वियों ३० च्या आसपास. म्हणजे २३५ किमीत १७० मीटर, किलोमीटरमागे एक मीटरसुद्धा नाही. पायाला तो जाणवत नाही. चढ मात्र जाणवतात, कारण दोन्ही नद्यांनी चुनखडीचे पठार कापून दरी केली आहे आणि जिथे कडा थेट पाण्यात उतरतो तिथे रस्ता नदी सोडून वर जातो. नकाशावर नदीलगत दिसणारा रस्ता प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी ३०-४० मीटर चढून पुन्हा खाली येतो. असे दहा चढ झाले की दिवसाचा हिशेब चुकतो.

म्हणून पाच दिवस धरा: काओरपर्यंतच्या ७५ किमीला दोन, पुढच्या १६० ला तीन.

सेलेचे खोरे हा या मार्गाचा गाभा आहे, तिथे घाई करू नका. फिजाकमधून निघताना सुरुवातीला मोठ्या रस्त्याची वर्दळ सोसावी लागते. एकदा डी-४१ हा रस्ता लागला की वाहने एकदम कमी होतात. एका बाजूला पिवळसर-राखाडी कडे, दुसरीकडे पॉपलरच्या रांगा आणि मक्याची शेते. एस्पान्याक, ब्रेंग, मार्सियाक, सोलियाक, काब्रेरे ही गावे एकामागोमाग येतात. मार्सियाकला बेनेडिक्टाइन मठाचे भग्न अवशेष आहेत, दुपारच्या सावलीसाठी जागा उत्तम. पहिला मुक्काम इथे किंवा काब्रेरेला करा.

काब्रेरेच्या वरच्या डोंगरात पेश-मेर्ल गुहा आहे. ठिपक्यांचे घोडे आणि हातांचे ठसे, घोड्यांचे वय सुमारे २९ हजार वर्षे. चित्रे जपण्यासाठी रोज ७०० जणांनाच आत सोडतात, त्यामुळे वेळ आधी आरक्षित करा. आत बाराही महिने १२ अंशांच्या आसपास तापमान असते. चढून घामाघूम होऊन तसेच आत गेलात तर कुडकुडाल. कोरडा शर्ट आणि जाकीट बरोबर ठेवा, आणि चढासाठी अर्धा तास जास्त धरा.

काँद्युशेला सेले लॉटला मिळते. सँ-सिर्क-लापोपी इथून उलट दिशेला, प्रवाहाच्या वरच्या अंगाला आहे. गाव नदीपासून साधारण १०० मीटर उंच कड्यावर आहे, त्यामुळे जायचे तर सकाळी लवकर. दहानंतर गाड्यांची रांग लागते आणि अरुंद चढावर मागून येणाऱ्या गाड्यांमुळे सायकलवाल्याची कुचंबणा होते. बूझिएसहून कड्यात कोरलेली जुनी नावा ओढण्याची वाट आहे. ती पायी पाहण्याची जागा. भरलेली सायकल तिथे घालू नका, वाट अरुंद आहे आणि चालणारे भरपूर.

काओरच्या आधी व्हेर गावापासून शेवटचे १५ किमी वाहने वाढतात. ते सकाळी उरकावेत.

आरेदुरुस्ती
३४-२८ वर अडचण होईल. तुमचे आकडे घेऊन सांगतो: एकूण वजन १०२ किलो, चढ ८ टक्के. पेडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर या गिअरवर वेग येतो ताशी साडेनऊ किमी आणि त्याला लागते साधारण २२० वॅट. भर उन्हात, दिवसातून आठ-दहा वेळा, हे गुडघ्यांवर येते. पुढे ३० आणि मागे ३४ केले तर त्याच फेऱ्यांना वेग सात किमीच्या जरा खाली राहतो आणि १६० वॅटमध्ये काम होते. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ११-३४ ची कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच, ११ ते ३४ दातांचा) आणि लांब साखळी. त्याआधी मागच्या डिरेलरची (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेची) कमाल दात क्षमता तपासा. साखळी आखूड राहिली आणि चुकून पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रांवर एकदम गेली, तर डिरेलर ताणला जाऊन हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकतो. सायकलच्या मॉडेलचा एक जादा हँगर पिशवीत असू द्या. तो मॉडेलनुसार बदलतो, खेड्यातल्या दुकानात मिळेल या भरवशावर राहू नका.

दुसरी काळजी मागच्या चाकाची. सगळे सामान मागच्या कॅरियरवर टाकले की कॅसेटच्या बाजूचे आरे तुटतात. कारण साधे आहे: प्रत्येक फेरीत खाली आलेला आरा सैल पडतो आणि वर जाताना पुन्हा ताणला जातो. ताण असमान असेल तर सैल आरे जास्त हलतात आणि हबजवळच्या वाकणात थकून मोडतात. निघण्याआधी ताण मोजून सारखा करून घ्या. दोन्ही बाजूंच्या मापाचे तीन-तीन आरे फ्रेमच्या नळीला टेपने चिकटवा. कॅसेटच्या बाजूचा आरा बदलायला कॅसेट काढावी लागते. त्याचे छोटे अवजार नसेल तर आरे असून उपयोग नाही.

सामानातले ६-७ किलो पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, खाली, सारख्या वजनात लावा. टायर ३८ ते ४० मिमी, हवा मागे ५०-५५ आणि पुढे ४०-४५ पीएसआय. कॅरियरचे एम-५ बोल्ट धक्क्यांनी ढिले होतात. सैल बोल्टवर भार आला की तो तिरका पडून डोक्यापाशी तुटतो आणि उरलेला तुकडा फ्रेममध्येच अडकतो. रोज संध्याकाळी ॲलन की फिरवून पाहा, यात दोन मिनिटे जातात.

नदीकाठ
आभारी आहे. कॅसेट बदलतो, पाच दिवस धरतो. मग एग्वियोंहून फिजाकला, म्हणजे उलटे जावे का? पश्चिमेकडून वारा असतो असे वाचले.

रूळवाट
उलट जाण्यात तथ्य आहे. काओरखाली दरी रुंद होते आणि अटलांटिककडून येणारा वारा समोरून लागतो. एग्वियोंहून निघालात तर तो पाठीशी राहील, आणि सोप्या भागात पाय तयार होऊन अवघड भाग शेवटी येईल. पण एग्वियों बोर्दो-आजाँ मार्गावर आहे, आणि फिजाकला गाड्या कमी. परतीची गाडी चुकली तर दिवस जातो. तारीख पक्की असेल तर मी फिजाकहूनच निघायला सांगेन.

पॅरिस-ऑस्टरलित्झहून ब्रीव, तिथे बदलून प्रादेशिक गाडीने फिजाक. लांब पल्ल्याच्या इंटरसिटीत सायकलची जागा तिकिटाबरोबरच राखून ठेवायची, १० युरो. प्रादेशिक गाडीत काही ठिकाणी सायकल हुकला उभी टांगायची असते, म्हणून पिशव्या फलाटावरच उतरवा आणि एका पट्ट्याने एकत्र बांधा. वेळापत्रकात काही फेऱ्यांपुढे बसचे चिन्ह असते. ती फेरी रेल्वेची नसून बसची असते आणि तिथे भरलेली सायकल घेतीलच असे नाही. तिकीट काढताना हे चिन्ह आवर्जून बघा.

काओरनंतर व्ही-८६ या सायकलमार्गाच्या खुणा आहेत. रस्ता बहुतेक लहान गावरस्त्यांचा, माल्बेक जातीच्या द्राक्षमळ्यांतून. ल्युझेकला नदी जवळजवळ पूर्ण वळसा घेते. थेट रस्त्यापेक्षा मार्ग बराच लांबतो तो अशा वळणांमुळेच, तेव्हा पाटीवरचे मोटारीचे अंतर धरू नका. विलनवनंतर कासनयपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावरची सायकलवाट आहे, सपाट आणि वाहनमुक्त. ल ताँप्ल-स्युर-लॉटला १८७५ पासूनची कमळांची रोपवाटिका आहे. चित्रकार मोनेने जिव्हेर्नीच्या तळ्यासाठी इथूनच कमळे मागवली होती.

नियम: वस्तीबाहेर रात्री किंवा कमी उजेडात परावर्तक जाकीट सक्तीचे. कानात इअरफोन घालून चालवल्यास १३५ युरो दंड. गावात पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, तो बाजूच्या गल्लीतून सरळ येतो, थांबत नाही.

चुनखडी
एक राहिले, खाणे आणि पाणी. सेलेच्या खोऱ्यात दुकाने मोजकी. दुपारी साधारण साडेबारा ते अडीच-तीन बंद, रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी बऱ्याचदा पूर्ण बंद. पावाच्या दुकानाचाही आठवड्याचा एक सुट्टीचा दिवस असतो. शनिवारी निघत असाल तर फिजाकमध्येच दीड दिवसाचे खाणे भरून घ्या.

पाण्यासाठी गावाची दफनभूमी शोधा. फुलांसाठी नळ असतो. पाटीवर 'ओ नाँ पोताब्ल' (पिण्यायोग्य नाही) असेल तर ते पिऊ नका. उन्हात तीन लिटर वाहण्याची सोय हवी, काब्रेरे सोडताना सगळ्या बाटल्या भरलेल्या असाव्यात.

स्वयंपाकाचा गॅस विमानात नेता येत नाही. फ्रान्समधल्या सुपरमार्केटमध्ये बहुधा कँपिंगाझचे नळकांडे मिळते, त्याचा झडप-जोड आट्यांच्या शेगडीला बसत नाही. आट्यांचे नळकांडे पॅरिसमधल्या गिर्यारोहण साहित्याच्या दुकानातून घ्या, किंवा शेगडीबरोबर जोडणी-तुकडा न्या.