मदत हवी आहे: दशावतारात टांगलेले माइक शिट्टी मारतात

जत्रेत देवळासमोरच्या मांडवात दशावतारी नाटक असतं. रंगमंच 20 बाय 15 फूट, वर पत्रा, समोर चारेकशे माणसं. आडव्या बांबूवरून 3 डायनॅमिक माइक साडेसात फुटांवर टांगतो. बाकड्यावर बसलेल्या राजाचं बोलणं मागपर्यंत पोचत नाही. आवाज वाढवला की शिट्टी. युद्ध लागलं की झांज सगळं खाऊन टाकते.

स्पीकर माइकच्या 6 फूट पुढे नेले, थोडा फरक पडला. मिक्सरवर 3 किलोहर्ट्झच्या आसपासचा (तीव्र) आवाज कापला तर शिट्टी थांबते, पण शब्दांची धार जाते, आणि दशावतारात शब्दच गेला तर उरतं काय? झांजेला वेगळा माइक दिलेलाच नाही. कॉलर माइक नको: दागिने घासतात, घामाने बंद पडतात. संवाद आयत्या वेळचे, त्यामुळे कोण कुठे बोलेल हे मिक्सरवाल्याला आधी कळत नाही.

वादकांची जागा परंपरेने ठरलेली आहे, ती बदलणार नाही. भाड्याला 8 हजारांपर्यंत खर्च चालेल.

पत्र्याखाली शॉटगन माइक (लांब नळीचे, मुख्यतः समोरचाच आवाज पकडणारे) टांगलेत का कुणी? किती उंचीवर, कोणत्या कोनात? की बाकड्यावर एक आणि पुढे एक, असे दोनच माइक उघडे ठेवणं बरं?