नाताळचा एक फोटो आणि त्यामागची गोष्ट

डिसेंबर लागला की फोनमध्ये फोटोंचा पूर येतो. मॉलमधलं झाड, झाडापुढे आपण, आपल्यापुढे दुसऱ्याचं पोरगं. महिन्याभरात ते सगळे विस्मरणात जातात. पण एखादा फोटो असा असतो की तो आपण कुणाला पाठवलेला नसतो आणि तरी अधूनमधून उघडून बघतो. या धाग्यावर तेवढाच हवाय. फोटो एकच. हललेला चालेल, अंधारातला चालेल. मात्र तो काढताना आजूबाजूला काय चाललं होतं ते लिहा. नाताळ तुमच्या घरचा सण असो, शेजारचा असो की नुसता रस्त्यावर भेटलेला असो.

सुरुवात माझ्यापासून. पुण्यात कॅम्पात २४ तारखेच्या संध्याकाळी एम. जी. रोडला चालायलाही जागा नसते. फुटपाथवर एक बाई सांताच्या टोप्या विकत होत्या. मागे थर्माकोलचा तुकडा आणि त्यावर चिकटवलेला तळहाताएवढा आरसा. एक आजोबा आले, अस्सल गावाकडचे. डोक्यावरची पांढरी टोपी काढून नातीकडे दिली, लाल टोपी चढवली आणि आरशात बराच वेळ इकडून तिकडून बघितलं. मग म्हणाले, "आवळती जरा. यातलीच मोठी दाखवा." बाई म्हणाल्या, "बाबा, ही एकाच मापात येते." आजोबांनी ती तशीच ठेवून दिली आणि बाजूला होऊन केळी घेतली. माझ्या फोटोत आजोबा नाहीतच. आजीच्या शालीत गुंडाळलेली नात आहे, भुवयांपर्यंत आलेल्या पांढऱ्या टोपीत. ती परत द्यायला ती काही तयार नव्हती.

चला, आता तुमचे येऊ द्या.

वसईहून

मस्त विषय! आमच्याकडे झाडापेक्षा गोठ्याचा, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचा मान मोठा. झाड काय, दुकानातून आणून उभं केलं की झालं. गोठ्याला मात्र पेंढा, माती, बांबू, आणि घरातल्या प्रत्येकाचं एकेक मत लागतं. नदी आरशाची करायची की निळ्या कागदाची यावरून दर वर्षी वाद. गोठ्याभोवती हिरवळ हवी म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला पसरट भांड्यात माती घालून नाचणी पेरतो. रोज पाणी शिंपडायचं काम आजीचं.

मागच्या वर्षी नाचणी जरा जास्तच खुशीत आली. २३ तारखेला बघतो तर मेंढ्या दिसेनाशा झालेल्या, मेंढपाळ कमरेपर्यंत गवतात आणि उंटाची फक्त मान वर. आजी पाटावर बसली, शिवणाची कात्री घेतली आणि नाचणी भादरायला लागली. एका हाताने मेंढी उचलायची, खालचं गवत कातरायचं, मेंढी परत ठेवायची. तिच्या लग्नाच्या वेळची एक मेंढी आहे, कान तुटलेली. ती तिने कापून झालेल्या गवतात सगळ्यांच्या पुढे ठेवली. मी फोन जमिनीला टेकवून फोटो काढला, फ्लॅश बंद करून, गोठ्यातल्या एका पिवळ्या बल्बच्या उजेडात. त्यात कात्री मेंढ्यांच्या चौपट मोठी दिसते.

फोटोत नीट बघाल तर गव्हाणी रिकामी आहे. बाळ येशू मध्यरात्रीच्या मिस्सेनंतरच, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतरच ठेवायचा. तोवर तो आजीच्या कपाटात, रुमालात गुंडाळलेला. माझा भाचा तासातासाने जाऊन तो आहे ना ते बघून येत होता.

कोल्हापूरहून

भादरलेली नाचणी! वाचून हसू आवरेना. आमच्याकडे नवरात्रात घटाचं धान्य उगवलं की आईचं असंच सुरू असतं, फक्त कात्री लावायची कुणाची टाप नाही.

लंडनहून

आई सांगलीहून पहिल्यांदाच आली होती. मोजे, त्यावर मोजे, माकडटोपी, त्यावर स्कार्फ. तिला ट्रफाल्गर स्क्वेअरचं झाड दाखवायला नेलं. हे झाड नॉर्वेतून येतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने केलेल्या मदतीची आठवण म्हणून ओस्लो शहर १९४७ पासून दर वर्षी पाठवतं. दिवे नॉर्वेच्या पद्धतीने वरपासून खालपर्यंत उभ्या माळांत सोडतात, आपल्याकडच्यासारखे गरागरा गुंडाळत नाहीत. त्यामुळे झाड जरा साधंच दिसतं आणि झाड रोडावलंय म्हणून इथले लोक नाकं मुरडतात. आईनेही मुरडलं. "एवढ्या लांबून आणलं आणि दिवे एवढेच?" मग मी वरची गोष्ट सांगितली. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग असू दे. आहेराला नावं ठेवू नयेत."

इथे डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. सव्वाचारला आकाश गर्द निळं होतं, काळं नव्हे, आणि दिव्यांच्या फोटोला हीच वेळ सोन्यासारखी. पूर्ण काळोख पडला की झाडाचा आकारच हरवतो, नुसते ठिपके उरतात. मी तयारीत उभा होतो. तेवढ्यात आईने मावशीला व्हिडिओ कॉल लावला. भारतात पावणेदहा वाजलेले, मावशी ओटा पुसत होती. आईने फोन झाडाकडे धरला. माझ्या फोटोत पुढे आईचा हातमोजा, त्यात फोन, फोनमध्ये मावशीचा गॅस आणि कुकर, आणि मागे धूसर ते झाड. नुसत्या झाडाचे फोटोही काढले. ते कुठल्या फोल्डरमध्ये आहेत ते बघावं लागेल.

ठाण्याहून

निळ्या वेळेचं पटलं. पण मला सांगा, मागचे दिवे मोठे गोल गोल दिसतात ते कसं जमवतात? आणि माझ्या फोटोत एलईडी माळांवर आडवे पट्टे येतात, ते का?

नाशिकहून

दोन्हीची उत्तरं सोपी आहेत. गोल दिव्यांसाठी कॅमेऱ्याचं छिद्र जितकं उघडेल तितकं उघडा, एफ १.८ वगैरे. ज्याचा फोटो काढायचा त्याच्या अगदी जवळ जा आणि माळा त्याच्या बऱ्याच मागे राहू द्या. दिवे फोकसबाहेर गेले की प्रत्येकाचा गोल होतो. उलट छिद्र बारीक केलं, एफ १६ च्या आसपास, की त्याच दिव्याला चांदणीसारखे किरण फुटतात. छिद्र लहानमोठं करणाऱ्या भिंगातल्या पात्यांची संख्या सम असेल तर तितकेच किरण, विषम असेल तर दुप्पट. एकाच खिडकीतल्या कंदिलाचे दोन्ही प्रकारे फोटो काढून बघा, तासभर मजेत जातो.

पट्ट्यांचं कारण वीज. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्तातली माळ सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, वेगवान शटरला कळतं. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे १/६०. मेणबत्तीच्या फोटोत फोन आपलं डोकं चालवून उजेड पांढरा करतो. तेव्हा व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांचा तोल, स्वतः 'उन्हा'वर ठेवायचा आणि ज्योतीवर बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढायचा. मग पिवळेपणा राहतो. नाहीतर मेणबत्ती ट्यूबलाइट वाटते.

मुंबईहून, रात्रपाळीवरून

मी नर्स आहे. २४ डिसेंबरची रात्रपाळी माझ्याकडे बऱ्याचदा येते, आणि मी ती आनंदाने घेते, कारण आमच्या वॉर्डातल्या मल्याळी सिस्टर घरी मिस्सेला जाऊ शकतात. जायच्या आधी त्यांनी सलाइनच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून चांदणी कापली, औषधांच्या पट्ट्यांची चंदेरी पाठ तिला चिकटवली आणि रिकाम्या सलाइन स्टँडला टांगली. खाली कापसाचं बर्फ. आमच्याकडे कापसाला तोटा नाही.

पेशंटचे फोटो काढायचे नाहीत हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. म्हणून माझ्या फोटोत फक्त चांदणी आहे. पहाटे राउंडला मी टॉर्च घेऊन निघाले तेव्हा तिच्यावरून उजेड उडाला आणि छतावर बारीक कवडसे पडले. आठ नंबरच्या आजी जाग्याच होत्या. म्हणाल्या, "परत कर गं." मी परत केलं. मग पलीकडच्या खाटेवरून आवाज आला, "इकडे पण." अख्खा वॉर्ड फिरवून घेतला त्यांनी. फोटो त्यानंतरचा, चहा पिताना काढलेला.

मडगावहून

आम्ही हिंदू, शेजारी ख्रिस्ती, दोन्ही घरांमध्ये फक्त एक चिकूचं झाड. नाताळात त्यांच्याकडून कोंसुआदचं, म्हणजे नाताळच्या गोडाधोडाचं ताट येतं. बेबिंका, दोदोल, कुलकुल, नेवऱ्या. चवथीला आमच्याकडून नेवऱ्या जातात. सारण थोडं वेगळं, मुरड तीच. ताट रिकामं परत करायचं नाही, निदान साखर तरी घालायची, हे दोन्हीकडे पाळतात.

फोटो कुलकुलांचा. पिठाची छोटी गोळी कंगव्यावर दाबून वळायची, की शिंपल्यासारख्या रेघा उमटतात. काट्याच्या पाठीवरही होतात, पण शेजारच्या आंटींना कंगवाच लागतो, आणि तो दर वर्षी नवा. त्या दुपारी टेबलाभोवती सगळे बसले होते आणि मीही शिरले. प्रत्येकाचं कुलकुल ओळखू येतं. आंटींची सगळी एका मापाची, त्यांच्या मुलाची जाडी, माझी उकललेली. मी टेबलाचा वरून फोटो घेतला, स्टुलावर चढून. आंटी ओरडल्या, "पडशील गो! आणि माझे केस बघ कसे झालेत!" फोटोत केसांवर पीठ आहे, हे खरं.

अहिल्यानगर जिल्ह्यातून

आमचं गाव छोटं, चर्चही छोटं. नाताळच्या आधी गाण्यांची मंडळी रात्री घरोघर जाते. पेटी, ढोलकी, टाळ. नारायण वामन टिळकांची भजनं आजही म्हणतो. अभंग-ओवीच्या अंगाने लिहिलेली ती भजनं टाळावरच शोभतात. फराळही दिवाळीचाच, करंज्या, शंकरपाळे, चिवडा. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं, आम्हाला नाही.

माझा फोटो जुना आहे, वडिलांनी आग्फा क्लिक थ्रीवर काढलेला. एका रोलमध्ये १२ चौकोनी फोटो यायचे, त्यामुळे वडील फोटो काढायच्या आधी सगळ्यांना श्वास रोखायला लावत. कामट्यांची आणि रंगीत कागदाची चांदणी उंच काठीला बांधतानाचा तो फोटो आहे. काका शिडीवर, खाली सहा जण शिडी धरून, आणि सहाच्या सहा वर बघताहेत. शिडीला एवढ्या माणसांची गरज नव्हती. पण फोटोत यायचं होतं ना प्रत्येकाला! आता धाकटा भाऊ फोनवर एका रात्रीत शेकडो फोटो काढतो आणि एकही छापत नाही. मी या वर्षी त्याच्याकडून ते छापून घेणार आहे.

मेलबर्नहून

इथे नाताळ भर उन्हाळ्यात. रोषणाई बघायला रात्री नऊनंतरच जाता येतं, त्याआधी उजेडच मावळत नाही. लेकीने बागेतल्या पाण्याच्या पाइपखाली भिजत सांताची टोपी घातलेला फोटो माझ्या आवडीचा. दुसऱ्या दिवशी बॉक्सिंग डेची टेस्ट, मग तर कॅमेऱ्याला कोण विचारतो.

पणजीहून

उशीर झाला का? आमच्याकडे २५ तारखेला काही संपत नाही. ३१च्या रात्री गल्लीतली पोरं जुन्या कपड्यांत पेंढा भरून म्हातारा करतात आणि जाळतात. त्याआधी दोन दिवस त्याला रस्त्याच्या कडेला खुर्चीत बसवून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून पैसे मागतात. मागच्या वर्षीच्या म्हाताऱ्याला कुणीतरी खरा चष्मा घातला होता. माझा फोटो त्याच्याशेजारी बसून पेपर वाचणाऱ्या खऱ्या म्हाताऱ्याचा. विचारून काढलाय. ते म्हणाले, "काढ, पण आमच्यातला कोण जाळायचा ते नीट लिहून ठेव." आणि ६ जानेवारीला तीन राजांचा सण आहे. रेइश मागूशला किंवा चांदोरला मुकुट घातलेली छोटी मुलं राजे होऊन येतात. मी चांदोरला जाणार आहे, तोवर धागा बंद करू नका.