मदत हवी आहे: पहाटे उठवलं की लेकीचं अंग काही क्षण हलतच नाही, भर स्वप्नातून उठवणं धोक्याचं असतं का?

रानजाई:

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होईल पण डोक्यात नुसता गोंधळ आहे म्हणून सगळंच लिहिते.

माझी लेक यंदा दहावीला आहे. क्लासहून घरी यायलाच नऊ वाजतात, मग जेवण, राहिलेलं होमवर्क, अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत पावणेबारा. आणि मी तिला साडेचारला उठवते, कारण आमच्याकडे सगळे असेच शिकले, पहाटेचं पाठांतर डोक्यात पक्कं बसतं हेच मी लहानपणापासून ऐकत आले. पण गेल्या महिन्याभरात तीन वेळा असं झालंय की मी हाक मारली, तिने डोळे उघडले, आणि बाकी काहीच नाही.

परवाचं सांगते. दिवा लावला, ती उताणी झोपली होती, डोळे सताड उघडे, माझ्याकडेच बघत होती. ओठ अगदी बारीक थरथरत होते पण आवाज नाही. मी तिचा हात उचलला तर ओल्या टॉवेलसारखा खाली पडला. माझ्या पोटात गोळाच आला. मी हात घट्ट धरून तिचं नाव घेत राहिले, आधी करंगळी हलली, आणि मग सगळं अंग एकदम सुटलं आणि ती मला बिलगून रडायलाच लागली. म्हणाली, "आई, मी तुला किती हाका मारत होते, तुला ऐकूच येत नव्हतं." स्वप्नात पेपर चालू होता, लिहून संपत नव्हता आणि शाळेची घंटा वाजतच होती, ती घंटा म्हणजे माझ्या मोबाईलचा अलार्म. आणि कपाटाशी कोणीतरी उभं होतं असंही म्हणाली, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटलं म्हणे. सगळं मिळून अर्धा मिनिट असेल, मला तासभर वाटलं.

दुसरी गोष्ट, क्लास नसतो त्या दिवशी संध्याकाळी ती तासभर झोपते, तेव्हा उठवलं तर असं काही होत नाही, पण भ्रमिष्टासारखी बसून राहते, एकदा तर सात वाजता विचारलं की शाळेची बस गेली का. आणि रविवारी साडेनऊपर्यंत झोपते, मग भली मोठी स्वप्नं सांगत बसते.

सासूबाई म्हणतात स्वप्नातल्या माणसाला उठवू नये, जीव बाहेर फिरत असतो, आणि हे बाहेरचं काहीतरी आहे. त्यांनी तिच्या उशाखाली सुरी ठेवलीय. त्यांचा लेकीवर फार जीव आहे म्हणून मी काही बोलले नाही. पण मला खरं काय ते कळायला हवं. माझ्या उठवण्यामुळे तिच्या मेंदूला काही इजा होतेय का? कसं उठवू? डॉक्टरकडे न्यायला हवं का? कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

कोरा_चहा:

ताई, आधी शांत व्हा. हे मला हॉस्टेलला असताना व्हायचं, परीक्षेच्या दिवसांत हमखास. सगळं दिसतं, ऐकू येतं, पण बोट हलत नाही. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात, निरोगी माणसांनाही होतं. मला एका सिनियरने सांगितलं होतं की पूर्ण हात हलवायला जाऊ नकोस, फक्त पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न कर आणि श्वासाकडे लक्ष ठेव, माझ्यापुरता त्याचा खूप उपयोग झाला. लेकीशी दिवसा उजेडी यावर बोला, कारण पुढच्या वेळी हे काय आहे ते माहीत असलं की अर्धी भीती तिथेच जाते.

रात्रपाळी:

रानजाई ताई, मी बरीच वर्षं स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन होतो, रात्रभर दुसऱ्यांची झोप स्क्रीनवर बघणं हेच काम. डॉक्टर नाही, पण जे बघितलंय ते सांगतो.

झोप म्हणजे एकच सलग काळोख नसतो. आधी हलकी झोप, मग थोडी पक्की, मग गाढ, आणि मग रेम, म्हणजे बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात ती झोप. असं एक चक्र साधारण दीड तासाचं, रात्रीत चार ते सहा होतात. पण सगळी चक्रं सारखी नसतात, हे महत्त्वाचं. गाढ झोप बहुतेक रात्रीच्या पहिल्या भागात उरकते, आणि रेम पहिल्या चक्रात दहाएक मिनिटं असते ती पहाटेकडे वाढत जाते, शेवटची अर्धा तास किंवा जास्तही चालते. म्हणजे साडेचारला उठवलं की तुम्ही मुख्यतः तिची रेमच कापताय.

पेशंटच्या डोक्याला, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीवर आम्ही वायरी चिकटवायचो. हनुवटीवर का, तर रेम सुरू झाली की त्या स्नायूची रेघ एकदम सपाट होते. डोळ्यांची रेघ उड्या मारतेय, मेंदूची जवळजवळ जाग्या माणसासारखी, आणि अंग मात्र पूर्ण लुळं. मेंदूच्या तळाकडचा भाग स्नायूंना कुलूप घालतो म्हणून स्वप्नात धावलो तरी पाय हलत नाहीत. डोळे आणि श्वासाचा पडदा तेवढे चालू राहतात. शिकागोला 1953 साली अॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी ही झोप पहिल्यांदा नोंदवली, आणि फ्रान्सच्या मिशेल जूव्हे यांनी पुढे मांजरांवर काम करून हे लुळेपण दाखवलं, ते तर हिला विरोधाभासी झोपच म्हणायचे.

आता तुमच्या लेकीचं. पावणेबारा ते साडेचार म्हणजे 285 मिनिटं, त्यातला झोप लागायला गेलेला वेळ सोडला तर दीड तासाच्या हिशोबाने तिसरं चक्र संपत आलेलं, म्हणजे रेम चालू असण्याची शक्यता चांगलीच (हा अंदाज हं, चक्रं घड्याळ लावून चालत नाहीत). अलार्मने मेंदू जागा झाला, डोळे उघडले, पण कुलूप उघडायला काही क्षण उशीर झाला. स्वप्नाचा तुकडा अजून चालूच म्हणून कपाटाशी कोणीतरी दिसतं, आणि छातीच्या फासळ्यांचे स्नायूही ढिले असल्याने मोठा श्वास घेता येत नाही, त्याचा दगड वाटतो. श्वास बंद पडत नाही, पडदा चालू असतो. कुलूप आपोआप सुटतं, काही सेकंद ते एखाद-दोन मिनिटांत, आणि कोणी हात लावला, हाक मारली तर बऱ्याचदा लवकर. तुम्ही हात धरून नाव घेत राहिलात, ते अगदी बरोबर केलंत.

घंटेचंही तसंच. डेमेंट आणि वोल्पर्ट यांनी 1958 मध्ये रेममधल्या लोकांवर गार पाणी शिंपडून मग उठवलं होतं, तर कित्येकांच्या स्वप्नात पाऊस, गळकं छप्पर असं पाणी आलं. आणि मधूनच उठवलं म्हणूनच तिला स्वप्न एवढं स्पष्ट आठवतं, नाहीतर ते मिनिटांत पुसलं जातं.

संध्याकाळचा प्रकार वेगळा. झोपेचं कर्ज एवढं साठलंय की ती तासाभरात थेट गाढ झोपेत जाते. तिथून उठवलं की मेंदूला जागं व्हायला पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तासही लागतो. तेव्हा तिला प्रश्न विचारू नका, रागावू तर अजिबात नका. आणि रविवारची लांब स्वप्नं म्हणजे आठवडाभर कापलेली रेम शरीर भरून काढतंय.

भर स्वप्नातून उठवल्याने मेंदूला इजा होत नाही, लॅबमध्ये मुद्दाम हजारो वेळा असं उठवलं गेलंय. काळजी करायची ती एकूण झोपेची. या वयात आठ ते दहा तास लागतात, तिला पावणेपाच मिळतायत. पॅरालिसिसला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी म्हणजे अपुरी झोप, रोज बदलणारी वेळ, ताण आणि उताणं झोपणं. चारही तुमच्याकडे आहेत. आणि पाठ केलेलं डोक्यात मुरण्यासाठीही झोपच लागते ताई, ती कापून पाठांतर केलं तर एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं असं होतं.

माळरान:

आमच्याकडे याच्या बरोबर उलट झालं म्हणून लिहितोय. वडील 67 चे. झोपेत ओरडायचे, लाथा मारायचे, एकदा आईच्या डोळ्याखाली काळंनिळं झालं. उठवलं तर लगेच जागे, आणि सांगायचे की शेतात कुत्रं अंगावर आलं होतं. आम्ही दोन वर्षं थकवा म्हणून सोडून दिलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. न्यूरोलॉजिस्टने रात्रभराची टेस्ट करायला लावली, तेव्हा कळलं की रेममध्ये त्यांचं ते कुलूप लागतच नाही. उतारवयात हे पार्किन्सनसारख्या आजाराची कित्येक वर्षं आधीची खूण असू शकते म्हणून आता नियमित दाखवतो. पलंग काढून गादी जमिनीवर घातली, जवळचं टेबल हलवलं. कोणाच्या घरी वयस्कर माणूस असं करत असेल तर थांबू नका.

कोरा_चहा:

रात्रपाळी दादा, हातातलं घड्याळ हल्ली झोपेचे टप्पे दाखवतं, ते बघून हलक्या झोपेत उठवलं तर?

रात्रपाळी:

घड्याळाला मेंदूच्या लहरी दिसत नाहीत, हालचाल आणि नाडीवरून ते अंदाज बांधतं. किती वाजता झोपली, किती वाजता उठली एवढ्यासाठी ठीक. टप्प्यांवर विसंबू नका.

ताई, डॉक्टरकडे कधी, ते राहिलं. झोप पुरी करूनही हे वारंवार होत राहिलं, दिवसा वर्गात बसल्या बसल्या अनावर झोप येऊ लागली, किंवा जोरात हसताना गुडघे, मान एकदम ढिली पडली, तर नक्की. घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तरीही. आणि आजींना दुखवू नका, पण सुरी उशाखाली नको, अर्धवट झोपेत हात जाईल. कपाटात ठेवू दे.

रानजाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय. पहिल्याच रात्री लेकीला बसवून हे सगळं वाचून दाखवलं, ती म्हणाली, "म्हणजे मी वेडी नाहीये ना?" हे ती मनात घेऊन बसली होती आणि मला पत्ताच नाही. फार लागलं मला ते.

क्लासवाल्यांशी बोलून बॅच बदलून घेतली, आता साडेसातला घरी येते. दहाला दिवा बंद, मोबाईल माझ्याकडे, सकाळी सहाला उठवते. आठ तास. आधी पडदा सरकवते, मग पायाला हात लावते, अलार्म काढूनच टाकला. कुशीवर झोपायची सवय लावतोय, पाठीमागे लोड ठेवते. या तीन आठवड्यांत एकदाच झालं, तेही क्लासची टेस्ट होती त्या दिवशी. मी काहीच बोलले नाही, हात धरून बसले, तिने माझ्याकडे बघितलं, अंगठा हलवला, आणि उठून बसली. रडली नाही. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी सगळं बघितलं, आणि दुपारी सुरी गुपचूप स्वयंपाकघरात आणून ठेवली.

एक राहिलं, पूर्वपरीक्षा जवळ आलीय आणि ती आतापासूनच म्हणतेय की तेवढे दिवस तरी पाचला उठव. मग रात्री नऊला झोपवलं तर चालेल का, की वेळ अजिबात हलवू नको?

रात्रपाळी:

तिला खरंच नऊला झोप लागत असेल तर चालेल, पण या वयात बहुतेकांना एवढ्या लवकर लागत नाही, नुसती आढ्याकडे बघत पडून राहील आणि पाचला पुन्हा तेच. सहाच राहू द्या. संध्याकाळी झोप आली तर वीस मिनिटांवर उठवा, तासभर नको.