शब्दचर्चा : ‘संधिसाधू संसर्ग’ म्हणजे सांध्यांचा का?

मेघना_भाषांतर
किडनी बदललेल्या रुग्णांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. ‘ऑपॉर्च्युनिस्टिक इन्फेक्शन’ला ‘संधिसाधू संसर्ग’ असं लिहिलं. मसुदा वाचायला दिलेल्या एका काकूंनी विचारलं, “हा सांध्यांना होतो का गं?” घरात संधिवात असला की ‘संधी’ म्हटल्यावर गुडघाच आठवणार. आणि ज्यांना नाही आठवत, त्यांना ‘संधिसाधू’ म्हणजे पक्ष बदलणारा पुढारी. धड निरोगी माणसाच्या वाट्याला सहसा न जाणारे जंतू प्रतिकारशक्ती दबली की आजार करतात, एवढाच अर्थ हवा आहे. काय लिहू?

उसाचा_फड
आमच्याकडे सांगली-कोल्हापुरात ‘लागण’ म्हटलं की आधी उसाची लावणी. आडसाली लागण झाली का, असं विचारतात. तेव्हा ‘नवीन किडनीला लागण झाली’ असं लिहिलंत तर वाचणारा क्षणभर खूश होईल. त्यात ‘प्रत्यारोपण’मध्येही रोप आहेच.

वॉर्ड_नंबर_सात
मी नेफ्रॉलॉजीत, म्हणजे किडनीविकार विभागात काम करतो. मला ‘संधिसाधू’पेक्षा ‘संसर्ग’ जास्त छळतो. संसर्ग म्हटला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न, “कुणाकडून लागला?” मग भेटायला आलेला भाचा, शेजारचं शिंकणारं पोर, सगळ्यांवर संशय. प्रत्यारोपणानंतरचे कितीतरी आजार बाहेरून येतच नाहीत.

थोडं सविस्तर लिहितो, कारण शब्द त्यावरच ठरेल. पहिल्या महिन्यातले त्रास बहुतेक ऑपरेशनचे आणि रुग्णालयाचे : जखम चिघळणं, न्यूमोनिया, लघवीची नळी आणि मूत्रवाहिनीत ठेवलेला स्टेंट (बारीक नळी) यांमुळे होणारं युरिन इन्फेक्शन. किडनीच्या रुग्णांत युरिन इन्फेक्शनच सर्वांत जास्त दिसतं. इथे ‘संसर्ग’ शब्द चपखल बसतो. साधारण पहिल्या ते सहाव्या महिन्यात प्रतिकारशक्तीवर औषधांचा दाब जास्त असतो, तेव्हा तुमचे ते ‘संधिसाधू’ येतात. सीएमव्ही, म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस, भारतातल्या बहुसंख्य प्रौढांच्या अंगात आधीपासून निपचित पडलेला असतो. बीके विषाणूही लहानपणीच शिरून मूत्रमार्गात राहिलेला. क्षयाचंही बऱ्याचदा तेच. यातलं काहीही भाच्याने आणलेलं नाही. कधीकधी सीएमव्ही दात्याच्या किडनीबरोबर येतो. दात्याला होऊन गेलेला आणि घेणाऱ्याला कधीच न झालेला, ही जोडी सर्वांत धोक्याची.

शुद्धलेखन_प्रेमी
त्यासाठी ‘पुनःसक्रियण’ हा नेमका शब्द आहे. सुप्त संसर्गाचे पुनःसक्रियण.

वॉर्ड_नंबर_सात
नेमका आहे, पण वॉर्डात तो मी उच्चारला तर पुढचा प्रश्न पुन्हा “कुणाकडून?” हाच येतो.

आजोळ_वाई
माझी आजी म्हणायची, “जुन्या दुखण्यानं उचल खाल्ली.” दुखणं अंगात मुरलेलं असतं आणि माणूस जरा अशक्त झाला की ते उचल खातं. ‘सुप्त’साठी ‘मुरलेला’ आणि ‘पुनःसक्रियण’साठी ‘उचल खाणे’. संस्कृताला हात न लावता काम होतंय की!

शुद्धलेखन_प्रेमी
‘मुरलेला’ला माझी हरकत आहे. मुरणे म्हणजे आत भिनत, पक्व होत जाणे, लोणचं मुरतं. हा विषाणू तर काहीच न करता पडून असतो. ‘दबून राहिलेला’ म्हणा. ‘उचल खाणे’ला मात्र हरकत नाही, उलट कौतुकच.

वॉर्ड_नंबर_सात
मान्य. आणि लोकांना हे समजावायला आपल्याकडे एक आयता आजार आहे : नागीण. लहानपणच्या कांजिण्यांचाच विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दबून राहतो आणि पुढे कधीतरी उचल खातो. किडनी बदललेल्या माणसाला नागीण झाली तर गेरूचा लेप लावून, वेटोळं पूर्ण होतंय का बघत बसायचं नाही (वेटोळं पूर्ण झालं की माणूस जातो ही निव्वळ दंतकथा), त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. विषाणूविरोधी औषध लवकर सुरू झालं तरच खरा उपयोग.

दात्याची_बहीण
मी रुग्ण नाही, घरचं माणूस. तुमच्या पत्रकात ‘प्रतिकारशक्ती कमी झालेली असते’ असं लिहू नका, एवढंच सांगायला आले. ‘कमी झाली’ वाचलं की जो तो ती वाढवायला धावतो. भावासाठी गुळवेलीचा काढा काय, च्यवनप्राश काय, सगळं दारात हजर. कुणी प्रेमाने पपनस आणलं.

वॉर्ड_नंबर_सात
हे ठळक अक्षरात घ्या. शक्ती *कमी झालेली* नाही, औषधं देऊन *मुद्दाम कमी ठेवलेली* आहे, नाहीतर शरीर परकी किडनी नाकारतं. 1954 मध्ये बॉस्टनला पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं ते एकसारख्या जुळ्या भावांत, म्हणूनच अशा औषधांशिवाय निभावलं. ती शक्ती चेतवणारे काढे नवी किडनी धोक्यात घालू शकतात. पपनसाने टॅक्रोलिमसची (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांपैकी एक) रक्तातली पातळी वाढू शकते. उलट क्षयावरचं रिफाम्पिसिन ती खाली आणतं, त्यामुळे या रुग्णांत क्षयाचा उपचार म्हणजे तारेवरची कसरत. बीके विषाणूने उचल खाल्ली तर तिसरीच तऱ्हा : त्याच्यावर खात्रीचं औषध नाही, दाबणारी औषधंच जपून कमी करावी लागतात.

उसाचा_फड
बीके म्हणजे काय हो?

वॉर्ड_नंबर_सात
एका रुग्णाच्या नावाची आद्याक्षरं. 1971 मध्ये किडनी प्रत्यारोपण झालेल्या त्या रुग्णाच्या लघवीत हा विषाणू पहिल्यांदा सापडला.

आजोळ_वाई
2021 मधली ‘काळी बुरशी’ही घ्या ना यादीत. तो शब्द सगळ्यांना पाठ आहे.

वॉर्ड_नंबर_सात
म्यूकर या रुग्णांनाही होतो, विशेषतः मधुमेह असेल तर. पण काळी ती बुरशी नसते, रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग काळा पडतो. भिंतीवरची काळी बुरशी पुसत बसणारे लोक मी पाहिलेत. ‘म्यूकर’च लिहा, तेव्हापासून सगळ्यांना कळतं.

मेघना_भाषांतर
सगळ्यांचे आभार. आता मसुदा असा : “नवी किडनी टिकावी म्हणून तुमची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम कमी ठेवली आहे. त्यामुळे एरवी त्रास न देणारे जंतू आजार करू शकतात, आणि अंगात दबून राहिलेले जुने आजार उचल खाऊ शकतात. ताप 100.4 किंवा जास्त आला तर घरी गोळी घेऊन वाट पाहू नका.” ‘संधिसाधू’ काढून टाकला. ‘प्रोफिलॅक्सिस’ला ‘प्रतिबंधक उपचार’ ठीक आहे का? जंतूंवरची सेप्ट्रान आणि सीएमव्हीवरची व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर, दोन्ही औषधं त्याखाली येतात.

दात्याची_बहीण
“आजार नसताना घ्यायच्या गोळ्या” असं लिहा. भावाने ‘प्रतिबंधक उपचार’ वाचून, आजार नाही तर उपचार कशाला म्हणत सेप्ट्रान बंद केली होती. आणि ताप नसला तरी खोकला, धाप, जुलाब असेल तर कळवा, हेही घाला. या औषधांवर ताप कधीकधी येतच नाही.

मेघना_भाषांतर
दोन्ही घातलं.